साडूभाऊंचे कोरे फॉर्म

विमान कंपनी बंद पडायच्या आदल्या दिवशी मी आमची सुरत-कोलकात्याची दोन्ही तिकिटं स्वतःच्या हाताने रद्द केली. कंपनी डबघाईला आल्याची बातमी मोबाईलवर वाचली आणि वाटलं, बाकीचे झोपलेत तोवर आपण शहाणपणा करून मोकळं व्हावं. दुसऱ्या दिवशी कंपनीने स्वतःच सगळी उड्डाणं रद्द केली. तेव्हा कळलं, की गप्प बसणाऱ्यांना पूर्ण पैसे मागायचा हक्क, आणि माझे मात्र आधी कापले जाणार, मग उरलेले अडकणार. अक्कलकुव्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा हा हिशोब.

हे सगळं ज्यांच्यापुढे कबूल करावं लागलं, ते माझे मोठे साडू. त्यांच्याइतका विश्वास ठेवणारा आणि त्यांच्याइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. माणसांवर त्यांचा संपूर्ण विश्वास, वाहनांवर काडीचाही नाही. उभा जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढला आणि निवृत्त झाल्यावर खांडबाऱ्याला घर बांधलं, तेही गाडीची शिट्टी ऐकू येईल अशा बेताने. गाडी दोन तास आधी गाठायची हा नियम त्यांनी लग्नकार्यालाही लावला, त्यामुळे कित्येक ठिकाणी मांडव त्यांच्यासमोर बांधला गेला. गाडीला उशीर झाला तर फलाटावरच्या अनोळखी माणसांची ते माफी मागत. आणि शर्टाच्या खिशात कायम आरक्षणाचे चार-दोन कोरे फॉर्म, घडी घातलेले. दुसरे लोक सुपारी ठेवतात तसे.

माझ्या लग्नात वऱ्हाडाची बस तळोद्याच्या पुढे बसली ती उठेना. आम्ही रस्त्याकडेला उभे, तर समोरून रिकामा टेम्पो आला. साडूंनी मुलीकडचे असूनही कुणाला न सांगता तो ठरवून ठेवला होता. त्यात आदल्या दिवशी केळी भरलेली होती. मी बोहल्यावर चढलो तो केळीच्या चिकाचे डाग घेऊन, पण मुहूर्तावर चढलो.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघे जावई म्हसावदला सासुरवाडीला जेवत होतो. आमरसाची तिसरी वाटी संपवताना मी जाहीर केलं, की लेकीच्या बाळंतपणाला आम्ही विमानाने जाणार. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, लेक कोलकात्यात एकटी, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली. त्याआधी आईने पोचायलाच हवं. साडूंनी तारीख नीट विचारून घेतली. मग एवढंच म्हणाले, "पाव्हना, हावड्यानी गाडी आपला दारवरथून जास." मी मोठ्याने हसलो. दीड दिवस गाडीत कोण बसणार?

कंपनी बुडाल्यावर माझं हसू आटलं. कंपनीच्या फोनवर संगीत वाजत राहिलं, माणूस काही येईना. दुसऱ्या कंपनीची भाडी चौपट, आणि तीही जागा असली तर. गाडीची वेटिंग लिस्ट पाहून डोळे फिरले. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. बायको डिंकाचे लाडू एकेक करून डब्यात आपटत होती. शेवटी साडूंना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डबा बांधा. परवा सकायले नंदुरबारले या."

फलाटावर ते आमच्या आधी हजर होते, अर्थातच. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं तिकीट काढलं. दोन बर्थ, पक्के, आमच्या नावाचे. माझं वयसुद्धा खरं लिहिलेलं. हे कधी काढलं, असं विचारलं तर म्हणाले, "आखाजीना दुसरा रोजले." विमान नीट उडालं असतं तर त्यांनी ते गुपचूप रद्द केलं असतं. नात्यातल्या कितीतरी प्रवासांमागे त्यांनी असं एकेक तिकीट उभं ठेवलं होतं आणि कुणाला कळू न देता मोडलं होतं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि मला हळूच म्हणाले, "घाबरीसन तिकीट आपन कधी मोडानं नही. गाडीले मोडू दिऊत."

आम्ही वेळेत पोचलो. नातू झाला. परत आल्यावर साडूंनी माझ्याकडून परताव्याचा अर्ज तीनदा लिहून घेतला, दोनदा शुद्धलेखनासाठी. दावा नोंदवल्याचं पत्र पुढे आलं. पैसे यायचे आहेत. ते पत्र साडूंना दाखवायचं राहून गेलं. गेल्या थंडीत ते गेले, तेही झोपेत, कुणाला तसदी न देता. तेराव्याला मेहुणीबाईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशातले कोरे फॉर्म माझ्या हातात ठेवले. आता गाडीची शिट्टी ऐकली की उगाचच कुणाची तरी माफी मागावीशी वाटते.

परवा नातवाच्या वाढदिवसासाठी पुन्हा विमानाची तिकिटं काढली. मनात रुखरुख राहिली, म्हणून त्यातला एक फॉर्म भरून नंदुरबारच्या खिडकीवर दोन बर्थ काढून आलो, कुणाला न सांगता, अगदी त्यांच्यासारखं. रात्री मात्र राहवेना, म्हणून तिकीट बायकोपुढे ठेवलं. तिने चष्मा लावून ते वाचलं. मी हावड्याहून नंदुरबारला यायचं काढलं होतं.

तिने तिकिटाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाली, "फॉर्म भाऊजीसना शे, डोकं मातर तुमनंच."