करदोड्यातली किल्ली

इरा, मिहिर,

परवा व्हिडिओ कॉलवर इराने विचारलं, "आजी, आबा गेल्यावर सर्टिफिकेट रिन्यू कोणी केलं?" मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग बरेच दिवस स्क्रीनकडे बघता येणार नाही. म्हणून आजच लिहिते. फार थकवा आहे, पण क्रमाने सांगेन.

मी नांदेडच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. भानामती, अंगात येणं असलं काही कानावर आलं की मी विषय बदलत असे. अजूनही बदलते. त्यामुळे पुढचं लिहायला हात जरा अडखळतो आहे…

आबा लातूरच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी इथे वरच्या खोलीत स्वतःचा सर्व्हर बसवला आणि तुमच्यासाठी बोलून ठेवायला लागले. कंधारच्या किल्ल्यात ते लहानपणी कसे हरवले, उडदाचं पापडपीठ कसं कुटतात, असं काहीबाही. दर वाढदिवसाला एक नवं उघडायचं, अठरा पूर्ण होईपर्यंत. हे सगळं कुलूपबंद आहे. ते फक्त तुमच्या फोनवरच्या, आबांनी बनवलेल्या ॲपमध्ये ऐकू येतं, मलासुद्धा नाही. आणि ते ॲप सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं सर्टिफिकेट बघतं – त्यावर आबांची सही आहे ना, मुदत शिल्लक आहे ना. नसेल तर दार बंद.

ही सही दरवर्षी नवी करावी लागे. अर्ज मी करायचा, सही त्यांनी. मी सर्व्हरवर किल्ल्यांची नवी जोडी, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या आकड्यांच्या दोन फाइली, तयार करायची, तिच्यावरून अर्जाची फाइल बनवायची आणि ती पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या झाकणावर ठेवायची. त्या लॅपटॉपला इंटरनेट कधी लावलंच नाही. चहा झाला की ते सही करून पेनड्राइव्ह परत तिथेच ठेवत. सहीची किल्ली मात्र वेगळ्या, धातूच्या छोट्या पेनड्राइव्हमध्ये होती आणि तो कायम त्यांच्या करदोड्याला, कमरेच्या काळ्या दोऱ्याला, बांधलेला.

"एक नक्कल तरी करून ठेवा हो," मी म्हणायची.

"नक्कल झाली की चोरी झाली असं समज," ते म्हणायचे.

माणूस गेला की करदोडा तोडतात. आबा गेले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. त्यांचे धाकटे भाऊ, आपले कंधारचे भावजी, हातात कात्री घेऊन थांबले म्हणे. "ऱ्हाऊ द्या. दादाला किल्लीबगर करमत न्हाई," एवढं बोलून त्यांनी कात्री खाली ठेवली. राख सावडताना तुमच्या बाबांच्या हाताला वितळून वाकडा झालेला धातूचा तुकडा लागला. अस्थींबरोबर तोही गोदावरीत गेला.

मिहिरचा वाढदिवस जवळ आला होता आणि सर्टिफिकेटची मुदत त्याआधीच संपत होती. म्हणून भावजींनी त्यांच्या मुलीला, वैशालीला, बोलावून घेतलं. ती लातूरला सर्व्हरचंच काम करते. अहमदपूरमार्गे एसटीने आली, हातपाय धुऊन सरळ वर गेली आणि सर्व्हर तपासत बसली.

"काकू, सही करायची किल्लीच जळाली. दुसऱ्या कुणाची सही त्या ॲपला चालायची न्हाई. ॲप बदलावं म्हणलं तर त्याचा कोड काकांनी कुठं ठेवलाय, पत्ता न्हाई."

"म्हणजे?"

"मुदत संपली की आवाज बंद. कायमचे."

भावजी दारातच उभे होते. वैशाली त्यांच्याकडे वळली. "अप्पा, तुमाला एवढं शहाणपण कुणी सांगितलं होतं वो?"

"मला काय ठाव, माय! मला वाटलं, तिजोरीची किल्ली हाय."

"तिजोरीची असती तर जाळली असती का तुमी?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही.

दुपारी ते दोघे बाजारात गेले. काही सुचेनासं झालं की हात सवयीचं काम करू लागतात. मी किल्ल्यांची नवी जोडी केली, अर्ज केला, पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला आणि खाली येऊन चहा टाकला. दोन कप झाला. एक ओतून दिला. जिना स्वयंपाकघरातून दिसतो, वर कोणीही गेलं नाही. अर्ज पुसून टाकावा म्हणून मी परत वर जाऊन पेनड्राइव्ह सर्व्हरला लावला, तर अर्जाच्या फाइलशेजारी सर्टिफिकेटची फाइल होती.

वैशाली आल्यावर तिने ती पुन्हा पुन्हा तपासली. "ही काकांच्याच किल्लीची सही हाय."

"त्यांनी आधी करून ठेवलं असेल गं."

"कसं ठेवतील, काकू? सही ज्या जोडीवर हाय, ती तुमी आज केली. सकाळपर्यंत ती जगातच नव्हती."

तिने लॅपटॉप उघडून बटण दाबलं. सुरू होईना. बॅटरी पार उतरलेली आणि चार्जर कपाटात, गुंडाळून ठेवलेला.

"दादानं दुसरी किल्ली ठेवली असंल कुठंतरी," भावजी म्हणाले.

"ठेवली असंल. पण ती फिरवली कुणी, अप्पा?"

भावजी खाली जाऊन दारापुढच्या ओट्यावर बसले. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

सर्टिफिकेट मीच सर्व्हरवर चढवलं. मिहिर, वाढदिवसाला तू आबांचं ऐकलंस ते त्यामुळे.

एक गोष्ट मी दुसऱ्या दिवशी पाहिली. मुदत किती द्यायची हे अर्जात नसतं, ते सही करणारा ठरवतो. आबा वर्षभराचीच देत. जास्त मागितली की "कंटाळलीस का?" विचारत. मी खरंच कंटाळले होते, पण तसं कधी म्हणाले नाही. या वेळची मुदत मिहिरच्या, म्हणजे तुमच्यातल्या धाकट्याच्या, अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी संपते.

याचं कारण मला सापडलेलं नाही. वैशालीलाही नाही, आणि ती माझ्यापेक्षा हट्टी आहे. सर्व्हर वरच्या खोलीत चालू आहे. त्याच्यासाठी नवा इन्व्हर्टर घेतला. तुम्हा दोघांचे राहिलेले सगळे आवाज जागेवर आहेत.

– आजी