क्रेट न मोजणारा तुळशीराम

“मॅडम, तुमचा माणूस क्रेट मोजत नाही,” गायके फोनवर सांगत होते. “मोजता येत नसतं तर समजू शकलो असतो. येतंय, तरी मोजत नाही. विचारलं की नुसता बघत बसतो.”

गायके शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर होते. ‘तुमचा माणूस’ म्हणजे तुळशीराम. आणि मी गारखेड्यातल्या एका संस्थेत जॉब कोच. नाव भारी आहे, काम साधं. अपंगत्वामुळे, शाळा न झाल्यामुळे किंवा आणखी कशामुळे ज्यांना कोणी दारात उभं करत नाही, त्यांना नोकरी मिळवून द्यायची आणि मग ती टिकवायची. मिळवताना गोड बोलून भागतं. टिकवताना जीव जातो.

तुळशीराम मेंढपाळ, चाळिशीचा. खडकावरून घसरला, मांडीत रॉड बसला आणि मेंढरांमागे चालणं कायमचं बंद झालं. कळप भावाकडे गेला. हा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी करमाडला एका खोलीत राहायला आले. मुलगी जन्मात पहिल्यांदाच एका शाळेत सलग बसत होती. नोकरी गेली तर तिघांनाही भावाच्या कळपाबरोबर फिरावं लागणार, तुळशीराम सामानासोबत घोड्यावर, आणि शाळा संपली. हे मला त्याच्या बायकोनं, काशीबाईनं, पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. विनंती नव्हती ती, तंबीच होती.

काम मी बसून करण्याजोगं शोधलं होतं. कारखान्यातले पार्ट निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून दुसऱ्या कंपनीत जायचे आणि रिकामे क्रेट त्याच गाडीतून परत यायचे. एका गाडीत साठ. परत किती आले ते गेटजवळ स्टुलावर बसून मोजायचं आणि रजिस्टरात आकडा टाकायचा. क्रेट कायम कमी यायचे आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायच्या. तुळशीरामला आकडे लिहायला मी स्वतः शिकवलं होतं. मुलाखतीत एचआरच्या शेख मॅडमनी विचारलं, “मोजता येतं ना?” तो गप्प राहिला. मीच म्हणाले, “येतं की.” उमेदवार गप्प असताना आपण उत्तर देऊ नये, हे मी नव्या कोचना शिकवत असे. स्वतः पाळायचं राहून गेलं.

फोन आल्यावर मी स्कूटर काढून शेंद्र्याला गेले. गाडी खाली होत होती. गायकेंनी माझ्यासमोर विचारलं, “किती आले रे?”

“तीन न्हाय आले,” तुळशीराम म्हणाला.

“आले किती ते विचारतोय मी.”

तुळशीराम गेटाकडे बघत बसला. गायकेंनी स्वतः मोजले. सत्तावन्न होते.

मग मी आमच्या पुस्तकातला उपाय काढला. त्याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात, म्हणजे कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा सोपा करायचा. मी रात्र घालवून एक फळा तयार केला. साठ हुक, साठ पिवळे बिल्ले. एक क्रेट उतरला की एक बिल्ला अडकवायचा. फळा इतका देखणा झाला होता की मी संस्थेसाठी त्याचे फोटोही काढून ठेवले. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर फळा लखलखीत पुसलेला आणि एका हुकाला तुळशीरामचा डबा लटकत होता. बाकी एकोणसाठ हुक जसेच्या तसे.

दिसत नसेल म्हणून त्याचे डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, यांचे उत्तम आहेत, तुम्ही तुमचा नंबर बदलून घ्या.

शेख मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. “देखो मॅडम, आदमी एकदम सीधा है. सबसे पहले आता, छुट्टी नहीं मारता. लेकिन रजिस्टर खाली पडेला है और सोमवार को प्रोबेशन खतम होरा. मै क्या लिखू, आपीच बोलो.” प्रोबेशन म्हणजे पहिले तीन महिने, कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरवण्याचे.

रविवारी मी करमाडला गेले, वाईट बातमी आधी आपल्या तोंडून सांगावी म्हणून. मुलगी ओट्यावर पाढे घोकत होती. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. काशीबाईनं चहा ठेवला. मी सगळं सांगितल्यावर ती नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळली.

“मोजाया लावलं व्हय तुमी ह्यान्ला?”

“मग काय करायचं?”

“बाई, आमच्यात जितराब मोजत न्हाईत. मोजलं की घटतं. ह्यांच्या बापानं कधी मोजलं न्हाय.”

“अहो, ती मेंढरं. हे प्लास्टिक आहे.”

तेव्हा तुळशीराम तोंड उघडून बोलला. “राखायला मला दिलंय ना? मग काय फरक? आधीच घटायलंय लई. त्यात मी मोजू?”

मी विचारलं, “मग कमी झालेलं तुम्हाला कळतं कसं?”

“तोंडं दिसत न्हाईत का? सांजच्याला मेंढरं वाडग्यात शिरताना एकेक बघायचं. न्हाय ते न्हाय. तुमी आल्ता त्या दिशी कोपरा जळालेला आला न्हाय, पट्टी उखडलेला आला न्हाय, अन् एक जरा मागं राहतो, तो आला न्हाय.”

“क्रेट मागं राहतो?”

“खालच्या थरात असतो. काढायचा इसरतात.”

मी चहा खाली ठेवला. “आणि हरवलेली मोजता?”

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “हरवलेली मोजायचीच की. न्हायतर हुडकायची किती? हायेत ती मोजू नयेत.”

सोमवारी सकाळी मी शेख मॅडमच्या केबिनमध्ये, गायकेंसमोर, मांडणी केली. रजिस्टरातला ‘आलेले’ हा रकाना याला देऊ नका. ‘न आलेले’ असा रकाना आखा, तो भरेल. गायके म्हणाले, “रजिस्टर हेड ऑफिसचं आहे, मॅडम. असं कॉलम-बिलम बदलता येत नाही.”

“गायके, साठ में से तीन गये तो कितने रहे?” शेख मॅडमनी विचारलं.

“सत्तावन्न.”

“आपकू आता ना? तो वो कॉलम आप लिखो.”

गायकेंना ते लागलं. दुपारी गाडी आली तेव्हा त्यांनी उतरलेले दोन क्रेट गुपचूप शेडमागे नेऊन ठेवले. तुळशीराम उठला, ढिगाभोवती लंगडत फिरला आणि नव्या रकान्यात ५ लिहिला. आकड्याचा पाय उलटा निघाला होता, पण पाचच होता.

गायकेंनी मोजलं. “अठ्ठावन्न आहेत. दोनच कमी. घ्या, चुकला तुमचा माणूस.”

“दोन शेडमागं हायेत,” तुळशीराम म्हणाला. “ते तुमी नेले. अन् ह्ये तीन आपले न्हाईत. दुसऱ्याच्या कळपातले हायेत.”

त्यानं दाखवलेले तीन क्रेट आम्ही उलटे केले. निळा रंग तोच, माप तेच, पण तळाला शिक्का तिसऱ्याच कंपनीचा. बघायला गेटवर आलेल्या शेख मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. फोन करून विचारलं तर आमचे क्रेट त्या तिसऱ्या कंपनीच्या यार्डात कधीपासून पडून होते. तुळशीराम गाडीत बसून गेला आणि ओळखून घेऊन आला. मागं राहणारासुद्धा सापडला.

त्याच संध्याकाळी कायम केल्याचं पत्र निघालं. मुलगी करमाडच्याच शाळेत पुढच्या वर्गात गेली. मला विचाराल तर धडा एवढाच, की माणसाला नवं काम शिकवण्याआधी जुनं काम तो कसं करायचा ते विचारावं. एका चहाचं काम होतं. मी त्यावर तीन महिने आणि साठ हुक घालवले.

संस्थेचा फॉर्म भरायचा होता. ‘उमेदवारात झालेली सुधारणा’ या रकान्यापाशी मी बराच वेळ अडले. आला होता तसाच होता तो. शेवटी ‘निरंक’ लिहिलं. ‘कोचमध्ये झालेली सुधारणा’ असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, म्हणून माझी अब्रू राहिली.