आमच्या घरचं अस्वल

लेकराले वाचनाची गोडी कशी लावावी, हे शिकाले तुम्ही बसले असान तं भाऊ, उठा. ती गोडी मी लावली, हे खरं. पण त्यापायी एका सांजेले मले ताटात नुसता कोरडा भात भेटला, हेही खरं!

मनू म्हणजे माया दादाची पोरगी, पहिलीत. दिवसभर मोबाईलमंधी तोंड. वहिनीनं भंडाऱ्याहून मोठ्या हौसेनं चित्राचं पुस्तक आणलं. मनूनं त्याच्यावर चिवड्याची वाटी ठेवली. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. तिची शाळा अर्ध्यात सुटली होती, तिले वाटे निदान पोरीनं तरी वाचावं.

"भाऊजी, शेतात धानाची रोवणी सुरू आहे, मले टाइम नाही. तुम्ही रिकामेच असता. वाचून दाखवत जा तिले."

(रिकामा! मी दंडारीतला कलाकार आहे. आमच्या करडी गावात दंडारीचं नाटक बसलं, का नकला करणारा मीच!)

पुस्तकात तळ्याकाठी जनावरायची सभा होती. सरळ वाचलं, तं मनू मोबाईलकडे सरकाले लागली. मंग मी वाघाले आमच्या बाबाचा आवाज देल्ला.

"ह्हं... खर्रर्र... कोण बे तिकडे? चाय झाली का?"

मनू थांबली. बेडकाले देल्ला शेजारच्या दुर्पता काकूचा. काकू मासोळ्या विकते. तिनं तळ्याच्या या पारीवरून हाक मारली, का त्या पारीवरची बकरी उठून उभी राहते.

"घ्या वो मासोळीऽऽ! जित्ती आहे, जित्तीऽऽ!"

मनू हसून हसून खाटेखाली! आन् मंग आलं अस्वल. रागीट, बोट नाचवून बोलणारं. आता घरात तसा आवाज एकच!

"पाणी गढूळ करू नका! आन् पाय धुतले का? नाही नं? मंग घरात कायले आले?"

(पुस्तकात अस्वल फक्त पाण्याचं बोलते. पायाचं मी घातलं. वहिनी शेतात होती म्हणून हिंमत झाली.)

मंग मी डाव टाकला. ऐन रंगात आलं, का पुस्तक बंद!

"काका, मंग अस्वल काय म्हणलं?"

"पुस्तकात लिहून आहे न. त्याले विचार. मी चाललो धानाच्या बांधीत."

एक दिवस चिखलाचे पाय घेऊन घरी आलो, तं गोठ्यातून आवाज. मनू वासरासमोर बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून राहिली होती. "अ... स्व... ल... म्हणा... लं..." आन् एकदम वहिनीच्या आवाजात, "पाय धुतले का?"

वासरानं खाली पायाकडे पाह्यलं. (माई शप्पथ!) मी दाराआड उभा राहून डोळे पुसले. मोबाईल तिकडे ओसरीवर एकटाच गाणे म्हणून राहिला होता.

इथं थांबलो असतो तं आज माया सत्कार झाला असता. पण शाळेत पालकसभा आली. गुरुजी म्हणाले, "मनू, तुझं पुस्तक वाचून दाखव." समोर बाबा पांढरंफट धोतर नेसून. बाजूले दुर्पता काकू. वहिनी ठेवणीतल्या साडीत, पोरीकडे अशी पाहून राहिली, का जशी पोरगी कलेक्टर झाली!

मनू उभी राहिली. "वाघ म्हणाला... ह्हं... खर्रर्र... चाय झाली का?"

सारे बाबाकडे वळले. बाबा नेमके तेव्हाच खोकलले! मंग बेडूक आला. दुर्पता काकू अर्धी उठून ओरडली, "अवं, हे तं मीच आहो!" लोक पोट धरून हसून राहिले.

आन् पुढच्या पानावर अस्वल!

मी मागून दोन्ही हात हलवले. थांब, माय, थांब! पण आमच्या दंडारीत बाजूच्या माणसानं हात हलवले म्हणजे 'आवाज चढव'. हे तिले कोणं शिकवलं? मीच! मनूनं समजल्यावानी मान डोलावली, एक हात कंबरेवर ठेवला, दुसऱ्याचं बोट नाचवलं, आन् छपराचे कवेलू हालन असं ओरडली,

"पाय धुतले काऽऽ? नाही नं? मंग घरात कायले आलेऽऽ?"

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं. खांदे मात्र हलत होते.

घरी बाबा म्हणे, "काहून बे, मी काय सारखा चाय मांगतो?" आन् लगेच, "जाय, चाय आण."

काकू दारातूनच, "काहून रे पोट्ट्या, म्हाताऱ्याले वाघ केला, आन् मले बेडूक? मी काय वाघीण शोभत नाही?"

मले भेव होतं ते वहिनीचं. तिनं पुस्तक उचललं आन् उंच फळीवर टाकलं. "लोकायची टवाळी करणारं वाचन नको मले."

मनूनं मोबाईल मांगला नाही. जेवलीही नाही धड. नुसती मान वर करून फळीकडे पाहत राहिली. वहिनीनं माया ताटात नुसता कोरडा भात वाढला, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तशी वहिनीनंच पुस्तक खाली काढलं.

"वाचा. पण सरळ!"

मी सरळ वाचलं. इतकं सरळ, का वाघ मेल्यावानी वाटला. बेडूकही मेला. अस्वल आलं. "अस्वल म्हणालं, पाणी गढूळ करू नका." मनूचे ओठ थरथराले लागले.

तेवढ्यात चुलीपासून आवाज आला, "पाणी गढूळ करू नकाऽ! आन् पाय धुतले का?"

वहिनी! आमच्याकडे पाठ करून, भाकर थापता थापता!

"मम्मीऽऽ! तू वाच!" मनूनं मायाजवळून पुस्तक हिसकलं. वहिनीनं पदराले हात पुसले आन् बसली. तीही बोट ठेवून ठेवून वाचत होती, अडखळत होती. दोघींचे बोटं एकाच अक्षरावर. मले राहवलं नाही. वाघ आला तसा मी मधीच घुसलो, "ह्हं... खर्रर्र..."

मनूनं पुस्तकातून मान वर केली. हात कंबरेवर. बोट माया नाकासमोर.

"काका, तू चूप! तुले नुसते आवाज काढता येते, वाचाले कुठं येते? आन् पाय धुतले का? नाही नं? मंग घरात कायले आला?"

मी पायाकडे पाह्यलं. त्या वासरावानीच.