घड्याळाची खालची बाजू

त्या शनिवारी आरसेबाई गजर व्हायच्या आधीच उठल्या आणि थेट नखं घासायला बसल्या. बावीस वर्षं पॉलिशच्या चाकापुढे उभ्या राहिलेल्या बाईची नखं सहजासहजी उजळत नाहीत. लिंबू झालं, मीठ झालं, कपड्यांचा साबण झाला, दात घासायचा जुना ब्रश झाला, तरी नखांच्या कडेची काळी रेघ जागची हलली नाही. शेवटी बाईंनी तिचा नाद सोडला. घड्याळ मनगटावर घालायचं असतं, नखावर नव्हे, असं स्वतःला बजावून त्या चहा ठेवायला गेल्या.

आरसेबाई हे नाव कारखान्यानं दिलेलं. कारखाना ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे बनवणारा. बाईंच्या हातून उतरलेल्या कात्रीच्या पात्यात बघून पॅकिंगच्या पोरी केस सारखे करायच्या, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. बाईंना ते आवडायचंही. फक्त त्यांचं एक खूळ होतं आणि ते सगळ्या कारखान्याला पाठ होतं. कात्रीची दोन पाती स्क्रूपाशी जिथे एकमेकांवर बसतात, तिथली आतली बाजूसुद्धा बाई घासायच्या. स्क्रू एकदा आवळला की ती बाजू कुणाच्या बापाला दिसत नाही. बाईंचं म्हणणं असं, की रक्त नेमकं तिथेच जाऊन बसतं, आणि जागा खरखरीत असली की निघता निघत नाही. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं सांगायचं तर अर्धवट घासलेली वस्तू हातातून सोडली की त्या दिवशी बाईंना घास गोड लागायचा नाही.

आणि आठ वर्षांपूर्वी ते घड्याळ आलं. एक सर्जन कारखाना बघायला आले होते. चाकाजवळ जायचं तर घड्याळ, अंगठी, बांगडी सगळं उतरवायचं, नाहीतर चाक हात ओढून घेतं, हा इथला पहिला नियम. डॉक्टरांनी घड्याळ काढलं आणि समोर उभ्या असलेल्या बाईंच्या हातात दिलं. “जरा धरता का?” बाईंनी धरलं ते उलटं. पाठीला काच होती आणि काचेतून आतला सगळा संसार दिसत होता. त्यातली पोलादाची एक इवलीशी पट्टी आधी काळीकुळकुळीत दिसली. बाईंचा हात जरासा कलला, तशी तीच पट्टी पांढरीशुभ्र झाली.

“अगं बाई!” आरसेबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की शेजारचं चाक थांबलं.

अशी झिलई यंत्रातून येत नाही. ती कुणीतरी हातानं, जीव ओतून, तासन् तास घासलेली असते, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी कंपनीचं नाव सांगितलं, ते त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहून घेतलं. घड्याळाची तबकडी कोणत्या रंगाची होती हे मात्र त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. लोक असलं घड्याळ घेतात ते कुणी बढती मिळाली म्हणून, कुणी मेव्हण्याकडे आहे म्हणून, कुणी चारचौघांत बाही सरकवता यावी म्हणून. बाईंचा जीव जडला तो पाठीवर.

त्यांच्या नवऱ्यानं त्या घड्याळाचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं होतं. नवरा घरं रंगवणारा. माणूस लाखातला, पण कपाटामागची भिंत त्यानं जन्मात कधी रंगवली नाही, आणि हे तो अभिमानानं सांगायचा. आठ वर्षं बाई दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकत होत्या आणि आठ वर्षं तो विचारत होता, “काय, पाहुणा कुठवर आला?” आज पाहुणा खरोखरच येणार होता. सकाळी मुलीचा फोनही येऊन गेला. “आई, घातलंस की आधी फोटो पाठव,” ती म्हणाली. शिकायला परगावी असलेली पोर आईपेक्षा जास्त उतावळी झाली होती.

पण या सगळ्या आनंदात एक खडा होता. मंगळवारी कारखान्याचे नवे साहेब हातात मोजणीचं घड्याळ घेऊन बाईंच्या चाकापाशी उभे राहिले होते.

“बाई, आतल्या बाजूला एका कात्रीमागे सव्वातीन मिनिटं जातात. सोमवारपासून फक्त वरची बाजू करायची.”

“अहो साहेब, पण आत रक्त...”

“कात्रीच्या नकाशात लिहिलंय का तसं? नाही ना? न दिसणारी बाजू जगात कुणी घासत नाही, बाई.”

एरवी अरेला कारे करणाऱ्या बाईंनी त्या दिवशी मान खाली घालून पुढची कात्री चाकाला लावली. जग काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी पाहिलं होतं. मग बावीस वर्षं आपण नुसता वेडेपणाच केला की काय, हा विचार मंगळवारपासून त्यांना चावत होता. एकच आधार होता, तो म्हणजे ते घड्याळ. जगात कुठेतरी कुणीतरी घड्याळाची पाठ घासतंय ना! बसमधून उतरून दुकानाकडे जाताना त्यांनी नवऱ्याला हे बोलूनही दाखवलं.

“काहीतरीच काय,” नवरा म्हणाला. “पाठीला काच लावलीय ना त्यांनी? काचेतून दिसतं, म्हणून घासलंय. दिसलं नसतं तर कोण मरायला घासतंय!”

बाई भर फुटपाथवर थांबल्या. मागून येणारा सायकलवाला त्यांच्यावर आदळता आदळता राहिला. आठ वर्षांत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. भिंतीला रंग फासणाऱ्या माणसानं ते चालता चालता सांगून टाकलं होतं.

“अगं, मी आपलं सहज म्हटलं,” नवरा चपापून म्हणाला.

“सहजच खरं बोललात,” बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून युद्धाला निघाल्यासारख्या दुकानात शिरल्या.

दुकानाला दोन दारं होती. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. दोघं मधल्या काचेच्या खोक्यात उभी राहिली, तेव्हा नवरा म्हणाला, “आपल्यालाच पॅक केलं बघ.” एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. आता त्यांचं सगळं लक्ष दुसरं दार कधी उघडतं याकडे होतं.

काउंटरवरच्या मुलीनं हातमोजे चढवले, मखमलीच्या तबकात घड्याळ ठेवलं आणि गोड आवाजात सुरुवात केली. कुणासाठी बघताय? स्वतःसाठी? मग बायकांच्या मापाचं दाखवू का? “नको, हेच,” बाई म्हणाल्या आणि घड्याळ उचलून उलटं केलं. पर्समधून त्यांनी कारखान्यातलं भिंग काढलं. मुलगी बघतच राहिली.

“मॅडम, हे घालून मीटिंगला गेलात ना...”

“मीटिंगला मी जात नाही. आणि कामावर घालायची बंदी आहे.”

“मग घालणार कधी?”

“रविवारी.”

“रविवारी ती कपडे धुते,” नवऱ्यानं माहिती पुरवली.

बाईंचं लक्षच नव्हतं. ती पट्टी तिथेच होती. काळी, पांढरी, पुन्हा काळी. डॉक्टरांच्या घड्याळात होती त्याहून तसूभर कमी नाही. आणि त्याच वेळी नवऱ्याचं वाक्य आठवलं. दिसतं, म्हणून घासलंय.

“बाळ, ही जी मोठी पट्टी आहे ना, चाकांच्या वरची, तिची खालची बाजू बघायचीय मला.”

“खालची म्हणजे... पट्टा का?”

“नाही गं. आतली. ही पट्टी उचलली की जी लागते ती.”

“पण मॅडम, ती तर कुणालाच दिसत नाही!”

“म्हणूनच तर बघायचीय. बघितल्याशिवाय मी घेणार नाही.”

मुलगी गोंधळली. दुकानात येणारी माणसं सवलत मागतात, जास्तीचा पट्टा मागतात, खोका मोठा मागतात. खालची बाजू आजवर कुणी मागितली नव्हती. तिनं आतल्या खोलीतून दुरुस्तीच्या कारागिरांना बोलावलं. कपाळावर सरकवलेलं भिंग, कोपरापर्यंत पांढरी बाही, चेहऱ्यावर कामातून उठवल्याचा वैताग, असे ते म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि मुलीनं सांगितलेलं ऐकून जागच्या जागी उभे राहिले.

“खालची बाजू कुणी मागितली?”

“मी.”

“का?”

बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. कात्र्या, स्क्रू, सव्वातीन मिनिटं, नवे साहेब, काहीही हातचं राखलं नाही. म्हाताऱ्यानं मध्येच त्यांच्या नखांकडे पाहिलं आणि त्याचा वैताग कुठल्या कुठे गेला.

“नवं घड्याळ मला उघडता येणार नाही,” तो म्हणाला. “पण असंच दुसरं घड्याळ घालून एक गृहस्थ पोहायला उतरले होते. देव त्यांचं भलं करो. ते आत माझ्या टेबलावर उघडं पडलंय. या.”

आतली खोली इतकी स्वच्छ होती की नवऱ्यानं दारातच चपला काढल्या. काचेच्या झाकणाखाली घड्याळाचे भाग ओळीनं मांडून ठेवले होते. म्हाताऱ्यानं चिमट्यानं चाकांवरची ती मोठी पट्टी उचलली. बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि मग भिंगाला डोळा लावला. म्हाताऱ्यानं पट्टी पालथी केली.

खालची सगळी बाजू इवल्या इवल्या वर्तुळांनी भरलेली होती. एकाला अर्धं झाकून दुसरं, दुसऱ्याला झाकून तिसरं. ओळीमागून ओळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे एक वर्तुळ तिरकं नाही, कुठे जागा सोडलेली नाही.

“घासलंय!” आरसेबाई किंचाळल्या. “अहो, घासलंय हो! खालून पण घासलंय!”

नवरा धावत आला. बाहेरची मुलगीही धावत आली. बाईंनी दोघांना भिंगातून बघायला लावलं, स्वतः पुन्हा बघितलं, आणि भिंग पट्टीच्या एका टोकाशी नेलं. मग म्हणाल्या, “हे टोक बघितलंत का? इथे जागा चिंचोळी झालीय. मोठं हत्यार आत जाईना, म्हणून त्यानं हत्यार बदललंय. इथली वर्तुळं बारीक आहेत.”

म्हाताऱ्यानं कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं. “चौतीस वर्षं मी ही घड्याळं उघडतोय, बाई. हे दिसलेलं दुसरं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. आता आणखी सांगतो. ओळीतलं शेवटचं वर्तुळ बघा, जरासं दाबून मारलेलं आहे. हा हात मी ओळखतो. पाच-सहा घड्याळांत सापडलाय मला. सापडला की मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगतो, आज तो भेटला होता म्हणून.”

“कोण आहे तो?”

“कोणास ठाऊक. बाई असेल, बाप्या असेल. माझ्याकडे फक्त घड्याळं येतात.”

“तुम्ही कळवलं नाहीत त्याला कधी?”

“कसं कळवणार? नाव ना गाव. पण तुमचंही तसंच की. तुमच्या कात्र्यांना धार लावायला कुणीतरी त्या उघडत असेलच ना? त्यालाही तुमचा हात पाठ असेल. एखाद्या इस्पितळातून तुमची एक जुनी कात्री मागून घ्या. सोमवारी साहेबांसमोर स्क्रू काढा आणि विचारा, बघा बरं, कुठे रक्त बसून गंज चढलाय का?”

बाईंना हेही कधी सुचलं नव्हतं. बावीस वर्षं त्या समजत होत्या, की स्क्रू आवळला की संपलं. आता त्यांच्या डोळ्यांपुढे कुठल्याशा इस्पितळामागची एक खोली आली. तिथे त्यांची कात्री उघडून उजेडाला धरणारा एक अनोळखी माणूस आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसता पुसता त्या हसतही होत्या.

“अगं, आता कपाटामागे पण रंगवायला लावणार का तू मला?” नवरा म्हणाला.

“लावणार!” बाई म्हणाल्या.

घड्याळ मनगटावर चढलं. जरा मोठंच होत होतं, म्हणून मुलीनं पट्टा आणखी एका भोकानं आवळला. परगावच्या लेकीला फोटो गेला, तोही घड्याळाच्या पाठीचा. मग काउंटरवरच्या मुलीनं एक छापील कागद पुढे सरकवला. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, ती म्हणाली, हे घड्याळ का घ्यावंसं वाटलं. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, बढती, गुंतवणूक, इतर. योग्य तिथे खूण करायची.

“हा कागद कुठे जातो?” बाईंनी विचारलं.

“थेट कंपनीत. जिथे घड्याळं बनतात तिथेच त्यांचं ऑफिस आहे.”

बाईंनी पेन मागून घेतलं. ‘इतर’वर खूण केली. पुढे जेमतेम एका ओळीची जागा होती, त्यात त्यांनी शाळकरी पोरीसारखं जपून, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: ‘खालची वर्तुळं ज्यानं मारली त्याला सांगा, दिसली.’ खाली सही केली. आणि सहीपुढे, तिथे कुणीही विचारलेलं नसताना, आपलं काम लिहिलं: ‘पॉलिशर, ऑपरेशनच्या कात्र्या.’