न प्यालेली दारू

थोरला भाऊ माझ्या तोंडाचा वास घ्यायचा. चाळिशी ओलांडलेल्या मला अंगणात उभं करून, बायकापोरांसमोर, "हा कर" म्हणायचा. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण दिवस कलला की माझी डावी पापणी खाली यायची, जीभ जड व्हायची, शब्द नाकातून निघायचे. सकाळी पुन्हा ठणठणीत. हिवरखेडच्या आमच्या गल्लीत याचा एकच अर्थ होतो. वास आला नाही, तर भाऊ म्हणायचा, "इलायची खाऊन आला."

शेवटी त्याने माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातलेला माणूस पीत नाही, अशी आमच्याकडची रीत. कटकट मिटेल म्हणून मीही मान पुढे केली. त्याच संध्याकाळी जीभ अडखळली आणि तो गल्लीभर ओरडला, "माळ घालून पेते बे तू? देवाची तरी लाज ठेव!" त्या दिवसापासून मला त्याचा आवाजही सहन होत नाही.

पुढे भाकर चावता चावता जबडा थांबायला लागला, तेव्हा कुठे अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणीवर थोडा वेळ बर्फ धरला. काढला, तर डोळा उघडलेला. त्या म्हणाल्या, मज्जातंतू स्नायूकडे एक रसायन सोडतो, पण स्नायूवर ते जिथे चिकटायचं, त्या जागा तुमच्याच शरीराने अडवल्यात. विश्रांतीनंतर निभतं, वापर वाढला की कमी पडतं. गारव्याने ते रसायन जास्त वेळ टिकतं. गोळीनेही टिकेल, पण काही तासच. भाऊ शेजारी उभा राहून मान डोलवत होता. त्याला कळलं असं मी समजलो.

गोळ्यांनी मी सुधारलो. मग पुतणीचं लग्न जमलं आणि साक्षगंधात, नव्या सोयऱ्यांसमोर, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लय पेत होता हा. माळेनं सुटली."

माझं डोकंच फिरलं. पंगत लांबली होती, संध्याकाळची गोळी घरीच राहिली होती, पण मला भान कुठलं? मी कधीच प्यालो नाही, हे त्याच्या तोंडावर फेकायला मी उठलो. शब्द एकमेकांत गुंतून नाकातून निघाले. पापणी गळाली. सोयरे एकमेकांकडे पाहायला लागले.

भावाने कपाळाला हात लावला. "आजच्या दिवशी काहून घेतली बे?"