वजिराला वजीर

माझी नणंद अकोल्याला सरकारी नोकरीत आहे. लग्नानंतर मला बुद्धिबळ शिकवलं ते तिनंच. सुटीत ती राजापेठेतल्या आमच्या घरी आली, की स्वयंपाक आटोपून आम्ही पट मांडायचो, आणि मी हरायची. माझी खोड तिला पाठ होती. वजिरासमोर वजीर आला की मी माझा मागे घ्यायची. वजीर गेला म्हणजे हातातलं सगळंच गेलं, असं वाटायचं.

"वैनी, मारामारीले काहून भेता?" ती म्हणायची. "मारल्यावर समोरच्याचं मोहरं कुठून उठते अन् कुठं बसते, ते पाहा ना. खरी मजा तिथंच आहे."

मी मान डोलवायची आणि वजीर मागे घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात अकोल्यात महिलांची स्पर्धा झाली. तिनंच दोघींची नावं दिली, आणि एका फेरीत नेमक्या आम्हीच समोरासमोर आलो. हात मिळवताना हसू आवरेना.

खेळ रंगला तसं हसू विरलं. एकेक हत्ती मारला गेला होता. माझा घोडा पटाच्या मध्यावर होता. तिनं बिनधास्त आपला वजीर मागच्या ओळीत, माझ्या वजिराच्या सरळ रेषेत आणून ठेवला. मी हटणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

माझा हात निघालाही होता. तेवढ्यात तिचा उरलेला हत्ती दिसला. वजिराची राखण त्याच्याकडे, आणि राजाजवळच्या प्याद्याचीही त्याच्याकडेच. माझे कान गरम झाले. पुन्हा पाहिलं. मग तिचा वजीर मारला.

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. हत्ती सरकवून माझा वजीर घेतला. दुसरा इलाज नव्हता. प्यादं उघडं पडलं. माझ्या घोड्यानं ते मारलं, आणि कोपऱ्यातल्या राजाला शह बसला. त्याच घोड्याच्या माऱ्यात हत्तीही होता. राजा हलला, हत्ती मला मिळाला.

थोड्या वेळानं तिनं डाव सोडला. बाहेर येताच भावाला फोन लावला. "दादा, तुह्या बायकोनं मले हरवलं. वजीर मारून हरवलं." जिंकल्यासारखी सांगत होती.

पुढच्या फेरीत मी दिसेल ते मारत सुटले आणि सपाटून हरले.

"आता कवा मारायचं नाही, ते शिका," ती म्हणाली.