थोरल्या आईची बॅटरी

आमच्या कऱ्हाटीच्या घरात शब्द चालायचा तो थोरल्या आईचा, म्हणजे माझ्या चुलतीचा, प्रयागबाईचा. चुलते लवकर गेले तेव्हा माझे वडील, महिपती, सहा वर्षांचे होते. या वहिनीनं दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, नदीकाठच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवल्या, बारामतीच्या बाजारात स्वतः बसून विकल्या, आणि या सगळ्यात एकदाही कुणाचा सल्ला घेतला नाही. सल्ला द्यायला आलेल्याला ती ताक पाजायची, त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि आपल्या मनाचंच करायची. मला तिचा फार अभिमान आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट तिच्या चुकीची आहे.

साल एकोणीसशे छत्तीस. तिचं बिनसलं ते घरातल्या कंदिलाशी. आमची ज्वारी अंगणातल्या पेवात असायची. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं दोन पुरुष खोल कोठार. पोट मोठं, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. तोंडावरचा दगड वर्षातून दोनदाच निघायचा. दगड काढला की आधी पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला तर आत वाफ धरली आहे असं समजून थांबायचं. ही वाफ म्हणजे आत कोंडलेली हवा. ती दिसत नाही, तिचा वास येत नाही, आणि तिच्यात उतरलेला माणूस परत वर येत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात कंदील आत सोडताना भिंतीला आपटला, घासलेट सांडलं आणि पोतंभर ज्वारी नासली. उरलेल्या ज्वारीच्या भाकरीलाही चार दिवस वास येत होता. थोरली आई तुकडा मोडायची, हुंगायची आणि खुंटीवरच्या कंदिलाकडे असं बघायची, जसं काही त्यानं हे मुद्दाम केलं असावं. पाचव्या दिवशी वांग्यांच्या पाट्यांबरोबर गाडीत बसून ती बारामतीला गेली.

बाजार उरकून ती पेठेतल्या एका कटलरीच्या दुकानात शिरली. दुकानदारानं तीन बॅटऱ्या पुढं मांडल्या. दिवसाउजेडी बॅटरीचं काय कळणार, म्हणून तिन्ही घेऊन ती सरळ त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"उजेड तिन्हींचा बरा हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या खोलीत जाळ्या लई झाल्यात. झाडून घ्या."

दुकानदारानं लांबलचक बॅटरी पुढं सरकवली. "ही घ्या बाई. तीन सेलांची आहे. साहेबलोक हीच नेतात."

"सायबाला वझं उचलाया मानूस असतंय," तिनं ती हातात तोलून परत ठेवली.

दुसरी बुटकी, खिशात मावणारी होती. थोरल्या आईनं दुकानातल्या तांब्यात बोटं बुडवली आणि ओल्या अंगठ्यानं तिचं बटण सरकवून पाहिलं. अंगठा घसरला. मळ्यातल्या बाईचा हात कोरडा कधी असतो? तीही बाजूला गेली. तिसरी साधी, पितळी, दोन सेलांची होती आणि तिच्या बुडाला कडी होती. ओल्या हातानं ती नीट लागली. थोरल्या आईनं कडीत बोट घालून ती उलटी टांगून बघितली.

"हिला दोरी बांधता येती. हीच द्या."

"दोरी कशाला?"

"पेवात सोडाया. हिच्यातून काय सांडत न्हाय."

दुकानदार शहरातला. पेवात कंदील कशाला सोडतात हे त्याला काय ठाऊक? त्यानं मान डोलावली. पण जिला ठाऊक होतं, जिनं वीस वर्षं हातानं कंदील सोडला होता, तिच्याही ध्यानात आलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं खुंटीवरचा कंदील शेजारच्या शकुबाईला देऊन टाकला.

भाद्रपदात पुन्हा पेव उघडलं. भल्या सकाळी दगड काढला तेव्हा अर्धी आळी अंगणात जमली होती, अर्थात बॅटरी बघायला. थोरल्या आईनं कडीत दोरी ओवली, बॅटरी लावली आणि हळूहळू आत सोडली. तळाची ज्वारी लख्ख दिसली. सगळे वाकून बघत होते. ती थोडा वेळ थांबली, नेहमी कंदिलासाठी थांबायची तेवढीच.

"बघा, जळतीय," ती म्हणाली. "वाफ न्हाय. महिपती, उतर."

वहिनी म्हणाली म्हणजे झालं. माझे वडील पेवाच्या कडेवर बसले, पाय आत सोडले आणि कमरेला दोर बांधू लागले.

माझी आई, छबूबाई, त्याच वैशाखात लग्न होऊन आली होती. माहेर इंदापूरकडचं. तिचा मामा पेवातच गेला होता. चारचौघांत थोरल्या जावेला "थांबा" म्हणायची नव्या सुनेची काय टाप? ती आत गेली, शिंक्यातलं दुधाचं भांडं खाली काढलं, त्या शिंक्यात देवापुढची पेटती पणती ठेवली आणि डोक्यावरचा पदर सावरत, माणसांतून वाट काढत पेवापाशी येऊन बसली. माझ्या वडिलांच्या पायांशेजारून तिनं शिंकं आत सोडलं.

त्यांच्या गुडघ्यांपाशी पणती विझली. खाली बॅटरी लख्ख जळतच होती.

आईनं शिंकं वर घेतलं, शकुबाईच्या चुलीवरून पणती पुन्हा पेटवून आणली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच विझली.

"जाऊबाई," ती खाली बघत म्हणाली, "बॅटरीला श्वास लागत न्हाय."

थोरल्या आईनं माझ्या वडिलांना बखोटीला धरून असं ओढलं की सदरा खांद्यापासून फाटला. चोवीस वर्षांच्या त्या गड्याला तिनं अंगणात आडवं पाडलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. त्या क्षणी ती मला सगळ्यात जास्त आवडते. लोक पांगायला लागले तसं तिनं डोकं वर केलं.

"जाऊ नगा कुणी," ती म्हणाली. "चूक माजी हाय. ऐकून जावा."

मग ती उठून शकुबाईकडे गेली आणि दिलेला कंदील तोंडानं मागून परत घेऊन आली. घासलेट सांडू नये म्हणून त्याला खालून पत्र्याची ताटली बांधली. पेव दोन दिवस उघडं ठेवलं, तेव्हा कुठं वडील उतरले.

बॅटरी मात्र तिनं टाकली नाही. गोठ्यात, मळ्यात, विंचू शोधायला ती आयुष्यभर वापरली आणि आपली निवड कशी चोख होती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. सल्ला घ्यायची सवय तिला पुढंही लागली नाही. माझं नाव, माझी शाळा, माझी बायको, सगळं तिनंच ठरवलं.

पण पेवाचा दगड निघाला की ती कंदिलाची दोरी माझ्या आईच्या हातात द्यायची आणि मागं सरून उभी राहायची. कंदील तळाला जळत असायचा, वडील कडेवर बसलेले असायचे, आणि आमच्या घरातली ती करारी बाई हलक्या आवाजात विचारायची, "छबू, उतरू दिऊ का गं त्याला?"

आई मान हलवेपर्यंत ती वडिलांचा खांदा सोडत नसे.